डाव मांडण्यापूर्वी

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शिव-पार्वती फासे खेळत बसले आहेत. हाच प्रसंग चौदाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यातही आहे. ज्या डोंगरात अंधकासुराचा वध कोरला, कैलास हलवू पाहणारा रावण कोरला, त्याच डोंगरात शिल्पकारांना नवरा-बायकोचा हा घरगुती डावही पुन्हा पुन्हा कोरावासा वाटला. पार्वती जिंकली आहे आणि शिव आणखी एक डाव मागतो आहे, असा अर्थ अभ्यासक लावतात. खाली गणांनी नंदीची खोडी काढायला सुरुवात केली आहे. मालक खेळात गुंतले की अंगणातल्या पोरांना रान मोकळे मिळते, हे त्या शिल्पकाराने पाहिलेले असणार.

जेजुरीच्या खंडोबाचीही अशीच गोष्ट आहे. म्हाळसेबरोबर सारीपाटाचा डाव पडतो, देव पैज हरतो आणि बारा वर्षे घराबाहेर राहतो. धनगराच्या वाड्यावर चाकरी धरतो आणि बाणाईला वरतो. जागरणात वाघ्या-मुरळी ही कथा रात्र रात्र रंगवतात. देवाला पटासमोर बसवण्यात, आणि बायकोकडून हरवण्यातही, आपल्या माणसांना कधी संकोच वाटला नाही. खेळाकडे पाहण्याची ही दृष्टी मला फार निरोगी वाटते. ‘पत्ते कुटत बसला’ असे म्हणून माणसाला मोडीत काढण्याची सवय आपल्याला नंतर लागली.

हे पुस्तक पटावरच्या आणि पानांच्या जुन्या खेळांचे आहे. सोंगट्या, वाघ-बकरी, नवकंकरी, मोक्षपट, बुद्धिबळाची देशी रीत, गंजिफा आणि बावन्न पानांचे घरोघरचे खेळ त्यात आहेत. ते लिहावेसे वाटले ते एका अस्वस्थतेतून. या खेळांचे साहित्य आपण बऱ्यापैकी जपले आहे, खेळणे मात्र जपलेले नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुने पट, फासे, सोंगट्या पाहायला मिळतात. लोक काचेपाशी थांबतात, नक्षीचे कौतुक करतात आणि पुढे सरकतात. या सोंगट्या कशा चालत, फासा कसा मोजत, कुठली सोंगटी मारता येत नसे, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. वस्तू हाताने जपता येते. नियम मात्र तोंडातोंडी चालत आलेले असतात, आणि एका पिढीने खेळणे सोडले की पुढच्या पिढीपर्यंत ते पोहोचतच नाहीत.

याचे सर्वांत ठळक उदाहरण सावंतवाडीचे आहे, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ थांबते.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेली गोल पाने. हा खेळ मोगलांबरोबर आपल्याकडे रुजला असे मानतात. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. शाह हसनला खेळ आवडला होता आणि त्याने पाने मागवली होती. अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या, १४४ पानांच्या खेळाचे वर्णन अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त केले आहे. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती अशी त्या रंगांच्या राजांची नावे होती. सर्वत्र पसरला तो मात्र आठ रंगांचा, ९६ पानांचा खेळ. पुढे या परकीय खेळाने विष्णूचे दहा अवतार अंगावर घेतले आणि तो इथलाच होऊन गेला. ओडिशात, बंगालमधल्या बिष्णुपुरात आणि आपल्याकडे सावंतवाडीत दशावतारी गंजिफा रंगवल्या गेल्या. दहा रंग, प्रत्येकात बारा पाने, एकूण १२०. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. राजाच्या पानावर खुद्द अवतार.

सावंतवाडीत हे काम चितारी समाजाकडे होते. कापड किंवा कागद चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवून, घोटून त्याचे पान तयार करायचे, मग रंग द्यायचा, बारीक कुंचल्याने आकृती काढायची आणि वरून लाखेचा हात द्यायचा. श्रीमंतांसाठी दरबारी पाने, सामान्यांसाठी बाजारी पाने. विसाव्या शतकात छापील बावन्न पाने स्वस्त झाली आणि ही कला जवळजवळ संपली. त्या वेळी सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात तिला हात दिला. सत्त्वशीलादेवी स्वतः ही कला शिकल्या आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्येच त्यांनी कारागिरांना काम सुरू करून दिले. आजही वाड्यात गेलात तर मांडी घालून पाने रंगवणारे कलाकार दिसतात. ही फार मोठी कामगिरी आहे, आणि तिच्याविषयी मनात पूर्ण आदर ठेवूनच पुढचे वाक्य लिहिते. त्यातली बरीच पाने विकत घेणारा माणूस ती चौकटीत बसवून भिंतीवर लावतो. डाव मांडून बसणारी माणसे सापडत नाहीत. चित्र वाचले, खेळ हरवला.

आणि तो खेळ हरवू देण्यासारखा नाही. दशावतारी गंजिफा तिघांनी खेळायची. प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात. एवढी पाने एका हातात धरणे हीच एक कसरत आहे. गोल पाने पंख्यासारखी पसरून, एकमेकांवर किंचित सरकवून धरण्याची सवय लागायला काही दिवस जातात. डाव दिवसा असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा आहे त्याची उतारी, रात्री असेल तर कृष्णाच्या राजाची. सूर्यवंशी रामाला दिवस आणि मध्यरात्री जन्मलेल्या कृष्णाला रात्र, ही वाटणी कुणी केली असेल त्या माणसाला खेळातले सौंदर्य कळत होते. पाने उजव्या बाजूने फिरतात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट.

हुकूम नावाची गोष्ट गंजिफात नाही. पंचाईत दुसरीकडे आहे. निम्म्या रंगांत दहाचे पान प्रधानाखालोखाल मोठे आणि एक्का सर्वांत हलका, तर उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का प्रधानाखालोखाल आणि दहा सर्वांत शेवटी. राजा आणि प्रधान मात्र सगळीकडे वरच. नवशिक्याची धांदल इथेच उडते. पण खेळाचा जीव आहे तो स्मरणात. एखाद्या रंगातला राजा पडला की प्रधान वरिष्ठ होतो, प्रधान पडला की त्याखालचे पान. वरिष्ठ पान कुणालाच मारता येत नाही, म्हणून ते टाकणाऱ्याचा हात पक्का. बाकीचे दोघे आपली निरुपयोगी पाने त्यावर देतात. म्हणजे आपल्या हातातले एखादे मधलेच पान कोणत्या क्षणी अजिंक्य झाले हे ज्याला कळते तो जिंकतो. त्यासाठी दहा रंगांत कोण कोण पडले याचा हिशेब डोक्यात चालू लागतो. ४० पाने आपण पाहिलेली असतात, ८० दोघांकडे वाटलेली. एखाद्याने वामनाचे पान उगाच फेकून दिले तर त्याच्याकडे वामनाचे मोठे काही नाही, की तो आपल्याला तसे वाटायला लावतो आहे? हा विचार करताना माणसाचा चेहरा पाहावा. अवताराचे चित्र असलेले पान हातातून जमिनीवर पडते, त्या वेळी ते चित्र राहत नाही, चाल होते. ओडिशात, पुरीच्या परिसरात, ज्येष्ठ मंडळी अलीकडच्या काळापर्यंत गंजिफांचे डाव मांडून बसत. तिथली पाने आपल्या पानांइतकी गुळगुळीत नसतील, पण वापरून झिजलेली आहेत. पान झिजणे ही मला त्याची सर्वांत मोठी प्रतिष्ठा वाटते.

सारीपाटाची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तो पूर्ण विसरला गेला नाही. कापडी पटाचे चार पंखे, प्रत्येकात आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे एकूण ९६ घरे आणि मध्ये मोकळा चौक. चार रंगांच्या सोळा सोंगट्या. समोरासमोरचे दोघे भिडू. फाशांनी खेळणारे लांबट फासे घेत, बाकीच्या घरांत कवड्या. किती कवड्या उताण्या पडल्या यावर दान ठरते आणि दानाची मोजणी गावोगावी बदलते. फुलीच्या घरात बसलेली सोंगटी मारता येत नाही, एवढे मात्र बहुतेक सगळीकडे सारखे.

हल्लीच्या लुडोत प्रत्येक जण आपल्यापुरता असतो. सारीपाटात भिडू असतो, आणि त्यामुळे सगळा खेळच बदलतो. आपली सोंगटी घरात न्यायची की भिडूच्या मागे लागलेली सोंगटी मारायची? आपल्या सोंगट्या आधी घरात गेल्या तरी भिडू मागे राहिला असेल तर जिंकल्याचे समाधान नाही. भिडूला उघडपणे सांगता येत नाही, पण खाकरता येते, पट सारखा करता येतो, कवड्या उगाच जरा जास्त वेळ हातात खुळखुळवता येतात. बोलण्याला बंदी आणि सुचवण्याला मुभा अशा या अरुंद जागेत घराघरांत भाषा तयार झाल्या होत्या. त्या पुस्तकात उतरवता येत नाहीत. म्हणून नियम दिले आहेत, बाकी खेळणाऱ्यांनी आपापले घडवावे.

मोक्षपटाविषयी आपल्याकडे बरेच बोलले जाते, कारण सापशिडीचा उगम भारतीय, याचा अभिमान वाटतो. मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला ही वारकरी परंपरेतली श्रद्धा आहे. पुण्याचे हस्तलिखितांचे अभ्यासक वा. ल. मंजूळ यांनी जुन्या मोक्षपटांकडे लक्ष वेधले, आणि डेन्मार्कचे याकोब श्मिट-मॅडसन यांनी पश्चिम भारतातील अशा पटांवर सविस्तर संशोधन केले. या पटांवर घरांना नुसते आकडे नाहीत, गुणावगुणांची आणि वैकुंठासारख्या लोकांची नावे आहेत. एखादी सोंगटी अमुक घरात का घसरते याला कारण असते. माझा आग्रह एवढाच की हा पट केवळ उपदेश म्हणून मुलांसमोर ठेवू नये. कवड्या हातात द्याव्यात. वैकुंठ एका दानावर आले असताना तामसाच्या सापाने गिळले की मूल जे ओरडते, ते ऐकण्यासाठीच हा पट रचला असावा असे वाटते.

नाशिकजवळच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, तसेच घाटवाटांवर, किल्ल्यांवर आणि मंदिरांच्या ओट्यांवर दगडात कोरलेले पट आढळतात. दोन ओळींत खोदलेले वाटोळे खळगे, एकात एक तीन चौकोन असलेली नवकंकरी, वाघ-बकरीच्या रेघा. ते कुणी आणि कधी कोरले हे दगडावरून ठरवणे अवघड. भिक्खूंनी, व्यापाऱ्यांच्या तांड्यांनी, पहारेकऱ्यांनी की गुराख्यांनी? लेणे कोरवून घेणाऱ्याची नोंद शिलालेखात सापडते, ओट्यावर पट कोरणाऱ्याची नाही. पण बसायला सावली, समोर रस्ता आणि बरोबर कुणीतरी असले की माणूस दगडावर पहिली रेघ ओढतो एवढे त्यावरून नक्की दिसते. पर्यटकांना कळकळीने सांगायचे आहे की हे खळगे दिवा लावायला किंवा कुंकू ठेवायला नाहीत. त्यांच्यावर बूट घेऊन उभे राहू नका. चार खडे गोळा करा आणि खेळा.

वाघ-बकरी मला या सगळ्यांत मोठी चतुराई वाटते. दोन्ही बाजूंची शक्ती सारखी असते तेव्हा खेळ रचणे तुलनेने सोपे. इथे एकाकडे मोजके वाघ आणि दुसऱ्याकडे बकऱ्यांचा कळप. वाघ उडी मारून बकरी खातो, बकरी काही खात नाही, फक्त जागा अडवते. तरीही नीट खेळणाऱ्या बकऱ्या वाघांना कोंडतात. या खेळात मुलांना बकऱ्या घ्यायला सांगा. सुरुवातीला त्यांना वाघच हवा असतो. बकऱ्यांनी एकदा जिंकले की पुन्हा वाघ मागत नाहीत.

बुद्धिबळाबद्दल थोडक्यात. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये बुद्धिबळाला आणि फाशांना जागा आहे. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे संस्कृत लेखन इंग्रजीत छापले गेले. औरंगाबादच्या हरिकृष्ण यांच्या ‘क्रीडाकौशल्य’ या संस्कृत ग्रंथात एकोणिसाव्या शतकात प्रचलित असलेल्या अनेक पटांचे वर्णन आहे आणि या पुस्तकाला त्याचा मोठा आधार मिळाला. देशी रीतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाते, राजाला एकदा घोड्याची चाल मिळते, आणि प्याद्याने मात केली तर त्या विजयाचा तोरा काही औरच. ‘प्यादेमात’ हा शब्द आजही बोलीत आहे. आंतरराष्ट्रीय नियम आता सर्वत्र रूढ झाले, ते चांगलेच झाले. तरी एखादा रविवार देशी रीतीने खेळून पाहा. डाव संथ चालतो, पहिल्या डझनभर चाली व्यूह लावण्यात जातात, आणि तो संथपणा सोसवत नसेल तर हे पुस्तक बाजूला ठेवलेले बरे.

उरले बावन्न पानांचे खेळ. इथे मला कुणाला काही समजावून सांगायचे नाही. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, झब्बू, बदाम सात, गुलामचोर ही नावे ऐकताच वाचकाला आपले घर आठवेल. कोकणात गणपतीच्या रात्री जागवायला, लग्नघरात मांडव पडल्यावर, लोकलच्या डब्यात चौघांच्या गुडघ्यांवर टाकलेल्या वर्तमानपत्रावर पाने पडत आली आहेत. मेंढीकोटात चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. तीन मिळवल्या तर डाव आपला, चारही मिळवल्या तर कोट. इतकी साधी रचना, पण त्यात पुरे चातुर्य सामावते. भिडूची उतारी ओळखायची, दश्शी कधी सोडायची आणि हुकूम कधी काढायचा हे ठरवायचे. हे खेळ या पुस्तकात घेण्याचे कारण वेगळे आहे. कुणी तरी लिहून ठेवायला हवेत. सगळ्यांना येतात म्हणून कुणीच लिहीत नाही, आणि गंजिफांचे नेमके हेच झाले.

पैशांचा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. द्यूताची भीती आपल्या समाजाच्या मनात महाभारतापासून आहे आणि ती खोटी नाही. मुंबई इलाख्यात १८८७ मध्ये जुगार प्रतिबंधक कायदा झाला. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६०च्या दशकात म्हटले, पण त्याच निकालाने पैशांच्या डावातून नफा कमावणाऱ्या क्लबचालकांना मोकळीक दिली नाही. कायद्यात जी रेघ आहे तीच घरातही असावी असे माझे मत आहे. पैसा आला की भिडूवर राग येतो, लहानांना उठवले जाते, आणि लिंबूटिंबूला जागा राहत नाही. नियम न कळणाऱ्या लहानग्याला लिंबूटिंबू म्हणून खेळात घेणे ही आपल्या खेळांची सर्वांत उदार रीत आहे. त्याच्यावर राज्य येत नाही, त्याची सोंगटी मारली जात नाही, पण तो पटापाशी बसलेला असतो. तिथूनच तो शिकतो. पुढच्या पिढीपर्यंत खेळ पोहोचायची वाट ती आहे, आणि पैजेने ती बंद होते.

पुस्तक कसे वापरावे याविषयी दोन शब्द. प्रत्येक खेळाचे एकाहून अधिक नियम दिले आहेत. कोणते खरे असे विचारू नये. घाटावरची मोजणी आणि कोकणातली मोजणी वेगळी असेल, एका गल्लीतल्या दोन घरांतही ती वेगळी असू शकते. पहिली पाने वाटण्याआधी किंवा पहिल्या कवड्या टाकण्याआधी कुठल्या रीतीने खेळायचे ते सर्वांनी मोठ्याने ठरवावे. मध्येच नियम आठवला तर तो पुढच्या डावापासून लागू. रडीचा डाव मध्येच नियम बदलण्यातूनच सुरू होतो.

आणि गंजिफा मिळत नाहीत म्हणून थांबू नये. साधे दोन कॅट घ्या. एका कॅटच्या सगळ्या पानांच्या तोंडावर, कोपऱ्यात, रंगीत पेनाने टिंब करा. दोन्हींतले गुलाम आणि जोकर काढून टाका. आता आठ रंग झाले, प्रत्येकात राजा, प्रधानाच्या जागी राणी, आणि एक ते दहा, एकूण ९६ पाने. बिनटिंबाच्या चार रंगांत राणीखाली दश्शी मोठी, टिंबाच्या चारांत एक्का मोठा. तिघांना ३२-३२ पाने वाटा. दिवसा बिनटिंबाच्या बदाम राजाची उतारी, रात्री बिनटिंबाच्या इस्पिक राजाची. पहिले एक-दोन डाव कुणाचा एक्का मोठा यावरच वाद होईल. होऊ द्या. तिसऱ्या डावाला माणसे गप्प होऊन मोजायला लागतील, आणि त्यानंतर सविस्तर नियमांसाठी गंजिफांचे प्रकरण उघडावे.